एकेचाळीस चिंचोके

अवधान या विषयावर मी आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि तो चारचौघांत वाचूनही दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या निबंधापायी एक चांगला कारागीर पुढे आपले काम सोडणार आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हते. मलाही तेव्हा पुरते ठाऊक नव्हते, पण आपल्या हातून काहीतरी वाईट झाले आहे एवढे नक्की कळत होते, आणि तरी मी मान लववून टाळ्या घेतल्या. झाले ते एकदा नीट लिहून ठेवावे असे बरीच वर्षे मनात आहे. दर वेळी लिहायला बसलो की दुसरेच काहीतरी सुचायचे. यावरून माझे स्वतःचे अवधान कितपत आहे ते वाचकांनी ओळखावे.

महाराजांना गादीवर बसून काही वर्षे झाली होती. संस्थानात नव्या शाळा निघत होत्या, शाळांना मास्तर हवे होते, आणि मास्तर तयार करणाऱ्या शाळेत मी शिकवीत होतो. वय पस्तिशीच्या आतबाहेर. आपल्याला जगाने अजून ओळखलेले नाही असे वाटण्याचे ते वय. अशा वेळी एका स्नेह्याने मला मानसशास्त्रावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. त्यात अवधानावर एक लांबलचक प्रकरण होते. ते मी तीनदा वाचले. पहिल्या दोन वेळा मध्येच झोप लागली म्हणून.

त्या प्रकरणाने मला वेड लावले. मेंदूत विचार कसा चालतो हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात, तर बाहेरून वेळ मोजतात आणि चुका मोजतात, आणि त्यावरून आतले ताडतात. माणसाला खोलीत बसवायचे, दिवा दिसला की बटण दाब म्हणायचे, आणि दिसणे व दाबणे यांत किती वेळ गेला तो सूक्ष्म घड्याळावर टिपायचा. वेधशाळेतले दोन ज्योतिषी म्हणे एकच तारा दुर्बिणीतून पाहतात, शेजारी घड्याळ टिकटिकत असते, आणि दोघांनी नोंदवलेली वेळ जुळत नाही. कारण एकाचे मन आधी ताऱ्याकडे जाते, दुसऱ्याचे आधी आवाजाकडे. डोळे आणि कान आत शेकडो गोष्टी पाठवत असतात. मेंदू त्यांतल्या एकीला वाट देतो, आणि ती देताना बाकीच्यांची वाट अडवतो. कधी ही निवड आपण ठरवून करतो, कधी बाहेरची वस्तूच आपल्याला ओढून नेते. पहिल्याला मी ऐच्छिक अवधान म्हणू लागलो आणि दुसऱ्याला अनैच्छिक. हे दोन शब्द मला इतके आवडले की जेवतानाही मी ते वापरत असे.

वर्गात या विषयावर पहिले व्याख्यान दिले तो दिवस आठवतो. ऐच्छिक अवधान म्हणजे बाहेर काहीही होवो, मन हातातल्या कामावरून हलता कामा नये, असे मी फळ्यावर लिहीत होतो. तेवढ्यात रस्त्यावरून महाराजांच्या शिकारखान्याचे चित्ते बैलगाडीतून निघाले. डोळ्यांवर पट्ट्या बांधून गाडीत बसलेले ते चित्ते पाहायला सगळा वर्ग खिडकीशी धावला. खिडकीशी पहिला पोचलो तो मी. खडू हातातच होता.

पुढचा प्रयोग घड्याळाचा. खिशातले घड्याळ इतके लांब ठेवायचे की टिकटिक जेमतेम ऐकू यावी. मग ती टिकटिक सारखी ऐकू येत नाही. थोडा वेळ येते, थोडा वेळ बुडते, पुन्हा वर येते. घड्याळ तेच असते, आपले लक्षच चढते-उतरते. मी घड्याळ खिळ्याला टांगले, विद्यार्थ्यांना पाठ करून बसवले आणि ऐकू आले की बोट वर, बुडाले की खाली, असे सांगितले. बोटे सुरेख वर-खाली होऊ लागली. मी दोन पाने भरून खुणा केल्या. घरी आल्यावर बायकोने वेळ विचारली. घड्याळ दहाला बंद पडलेले होते. प्रयोग सुरू झाला होता अकराला.

"मग त्यांना ऐकू काय आलं?" तिने विचारले.

"अपेक्षा," मी म्हणालो. "अपेक्षेनेही मेंदू फसतो. हाही शोधच आहे."

"आणि तुम्ही तासभर त्याच घड्याळाशेजारी उभे होता ना?"

यावर शास्त्रात उत्तर होते की नाही ते मी पाहिले नाही.

तर अशा माझ्या शास्त्राची धाव घरापुरती आणि वर्गापुरती होती तोवर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण संक्रांत झाली आणि बावड्याच्या आण्णांनी मला रस प्यायला बोलावले. आण्णा जैन शेतकरी, नदीकाठी त्यांचा उसाचा मळा आणि मळ्यात गुऱ्हाळ. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी चालतच बावड्याला गेलो. बैल चरकाभोवती फिरत होते, रस टाकीत पडत होता, आणि छपराखाली मोठ्या चुलाणावर काहील उकळत होती. काहील म्हणजे दोन माणसे आत बसतील एवढी पसरट लोखंडी कढई. तिच्या कडेला एक साठीचा माणूस लांब दांड्याचे फावडे धरून उभा होता. तो गुळव्या. रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस तो, आणि त्याच्याखेरीज ते कोणी ठरवायचे नसते. मूळचा कागलच्या बाजूचा मुसलमान. त्याच्या वडिलांनीही याच गुऱ्हाळात गूळ केला होता. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

मी मोठ्याने काहीतरी बोलणार तोच आण्णांनी माझ्या दंडाला धरले.

"बसा मास्तर. रस घ्या. पर आता बोलू नगा," ते हळूच म्हणाले. "काहील भराला आलीया."

तिथला रिवाज मला त्या दिवशी कळला. रस आटून गुळाच्या बेतात आला की गुळव्याशी कोणी बोलायचे नाही. चुलाणात चिपाडे सारणारा गडी त्याच्या हाताच्या खुणेवर चालतो. काहील उतरवायला चौघे जण बांबू धरून तयार असतात, तेही गप्प. मालकानेसुद्धा तोंड उघडायचे नाही. कारण फेस कसा फुटतो, बुडबुडे कसे बोलतात, रंग कुठे आला, हे सगळे तो एकटा ऐकत-बघत असतो, आणि चार श्वास उशीर झाला तरी एक सबंध आधण, म्हणजे एका काहिलीचा सगळा गूळ, काळा पडतो.

त्या दिवशी एक बैल जोत्यातून सुटला. गडी धावले, कुत्री भुंकली, एक घागर फुटली. चाचाची मान हलली नाही. मग बुडबुड्यांचा आवाज जरासा जड झाला असावा. मला तो काही वेगळा वाटला नाही. चाचाने हात गार पाण्यात बुडवला, उकळत्या काकवीतली चिमूट उचलली, पाण्यात तिची गोळी केली, आणि म्हणाला, "उतरा."

नंतर मी विचारले, "चाचा, बैल सुटला तेव्हा तुम्ही वळून पाहिलं नाही."

"कवा सुटला?" चाचा म्हणाला.

मला ब्रह्मानंद झाला. ऐच्छिक अवधान माझ्यासमोर फावडे घेऊन उभे होते.

पुढच्या सुट्टीला मी वही, घड्याळ आणि शाळेच्या कपाटाची लोखंडी किल्ली घेऊन गेलो. काहील भराला आल्यापासून उतरेपर्यंत मी एका पितळी तांब्यावर किल्लीने टोले देत बसलो. आण्णांनी भुवया चढवल्या, पण पाहुणा म्हणून काही बोलले नाहीत. काहील उतरल्यावर मी चाचाला विचारले, टोले किती पडले?

"कसलं टोलं?" चाचा म्हणाला. मग तांब्याकडे बघून हसला. "तुमी वाजवत हुतासा व्हय? मला वाटलं मास्तर पानी पितोय."

इथेच मी थांबायला हवे होते. पण माझ्या वहीत दोन रकाने आखलेले होते. पहिल्यावर 'एक काम' आणि दुसऱ्यावर 'दोन कामे'. मेंदू ठरवून दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देऊ शकतो का, हा पुस्तकातला मोठा प्रश्न. दुसरा रकाना रिकामा होता आणि तो रिकामा रकाना मला रात्रंदिवस टोचत होता. दुसऱ्याच्या पोटापाण्यापेक्षा आपल्या वहीतली रिकामी जागा माणसाला जास्त टोचू शकते, हे मी स्वतःवरून सांगतो.

पोटापाण्याचे मी उगाच म्हणत नाही. त्याच दिवशी निघताना आण्णा मला बांधापर्यंत पोचवायला आले होते.

"मास्तर, एक सांगतो," ते म्हणाले. "मागल्या पंधरवड्यात चाचाचं एक आधण मऊ ऱ्हायलं. झालं की, गावात लागलं बोलाया. म्हातारा झाला, नजर गेली, कान गेलं. शेजारपाजारचं लोक बी आपला ऊस हितंच गाळत्यात. आनि एक आधण बिघडलं तर मी कुनाकुनाचं त्वांड धरू? नवा गुळव्या बघाया लागंल मला."

"बरोबर आहे," मी गंभीरपणे म्हणालो. म्हणजे मी ते ऐकले होते. दोन्ही कानांनी ऐकले होते. माझे लक्ष नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

तिसऱ्या खेपेला मी तयारीने गेलो. आपण मोजणीत चुकू नये म्हणून बायकोकडून पन्नास चिंचोके घेतले. शेजारणींबरोबर खेळायला तिने ते घासून गुळगुळीत केलेले होते, आणि मोजून दिले होते. कोटाच्या उजव्या खिशात पन्नास ठेवायचे आणि दर टोल्याला एक डाव्या खिशात टाकायचा, असा बेत. टोल्यांमधले अंतर कमी-जास्त हवे, ते घड्याळाच्या बारीक काट्यावर बघून. रस नुकता तापत होता तेव्हाच मी चाचाला गाठले. काहील भराला आल्यावर बोलायचे नाही, तो नियम मी पाळला. मला नियम मोडणाऱ्या माणसांचा राग येतो.

"चाचा, आज एक काम करायचं. काहिलीकडे बघायचंच, पण माझे टोलेही मनात मोजायचे. शेवटी आकडा सांगायचा."

चाचाने फावडे टेकवले. "दोन्ही एकदम?"

"तेच तर बघायचंय."

त्याने एकदा काहिलीकडे पाहिले. मग म्हणाला, "पावणं हायसा, वर मास्तर हायसा. मोजतो की."

गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचे नसते, रस मागो, काकवी मागो, काही मागो. हाही तिथला रिवाज आहे. दोन रिवाजांच्या मध्ये चाचाला मी उभे केले.

काहील भराला आली. सगळे गप्प झाले. मी टोले देऊ लागलो. माझे डोळे घड्याळावर, एक हात किल्लीवर, दुसरा खिशात. काहिलीकडे मी एकदाही पाहिले नाही. मग एकाएकी करपट वास आला, चाचा ओरडला, "उतरा," चौघे धावले, बांबू लागले, काहील उतरली. वास येताच मी टोले थांबवले, असे मी नंतर वहीत लिहिले.

गूळ गार करायच्या पसरट वाफ्यात ओतला तो काळपट होता. आण्णांनी त्यातला थोडा गार करून जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"चाचा, काय झालं हे?"

"चुकलं माझं," चाचा म्हणाला. एवढेच. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

माझ्या हातात किल्ली होती. ती मी हळूच खिशात टाकली. बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी तोंड उघडले, आणि प्यायला पाणी मागितले. पाणी पिऊन निघालो तेव्हा चाचा रांजणाशी हात धूत होता. मला बघून म्हणाला, "एकेचाळीस, मास्तर."

मला आठवत होते त्याप्रमाणे मी एकोणचाळीस टोले दिले होते. खिशातले चिंचोके मोजायचे राहूनच गेले. तो कोट मी घरी आल्यावर खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे बघायचेही टाळू लागलो. वहीतल्या दुसऱ्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिले: प्रत्यक्ष टोले एकोणचाळीस, गुळव्याने सांगितले एकेचाळीस, गूळ करपला, दोन्ही कामांत चूक.

दोन दिवसांनी शिक्षकांची सभा होती. आसपासच्या तालुक्यांतले मास्तर आले होते. मी निबंध वाचला. बावड्याचा एक निरक्षर गुळव्या, असे मी म्हणालो. नाव घेतले नाही, हे सौजन्य. एक काम असता त्याचे अवधान अभंग होते. दोन कामे देताच मेंदूने दोन्ही वाटा अडवल्या, आणि त्याला ना काहील राखता आली ना साधी मोजणी. टाळ्या पडल्या. एका वयस्क मास्तरांनी तर असे प्रयोग खेडोपाडी व्हायला हवेत असे सांगितले.

त्यानंतर मी बावड्याच्या वाटेला गेलो नाही. त्या बाजूला काम निघाले तरी लांबून वळसा घालून जात असे, आणि चालणे प्रकृतीला बरे असते असे बायकोला सांगत असे. दूधवाला बावड्याचा होता. एकदा तो सहज म्हणाला, आण्णांच्या गुऱ्हाळावर आता दुसराच कोणी गूळ करतो, आणि त्याचा गूळ काही चाचासारखा नाही. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पण मी उठून गेलोही नाही. मनाशी म्हणालो, आण्णांनीच काढले, मी कोण त्यांच्या कारभारात पडणारा?

पंधरा-वीस दिवसांनी बायकोने कोट धुवायला काढला. मी माझाच निबंध पुन्हा वाचत पडलो होतो. तिने दोन्ही खिसे पाटावर उलटे केले आणि मोजू लागली.

"पन्नास दिले होते. या खिशात नऊ. त्या खिशात एकेचाळीस. भरले बाई."

"त्या खिशात किती?"

"एकेचाळीस. डावा."

मी उठून बसलो. स्वतः मोजले. पुन्हा मोजले. तिला मोजायला लावले. मग तिला सगळे सांगितले, गुऱ्हाळ, टोले, काळा गूळ, आण्णा, सगळे. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला एक काम होतं, नुसते टोले मोजायचं, आणि ते चुकलं. त्यांना दोन होती, त्यातलं एक बरोबर आलं."

"हो."

"आणि टाळ्या तुम्हाला."

तिने हे टोमण्यासारखे म्हटले नाही, म्हणून ते जास्त लागले. रात्रभर मी आठवत राहिलो. चिंचोका हाताने टाकल्याशिवाय खिशात जात नाही. एकोणचाळीसनंतरचे दोन टोले माझ्या हाताने दिले होते आणि माझ्या मनाने ठेवून घेतले नव्हते. ते दोन कोणते, हे मला हळूहळू कळत होते, आणि कळू नये असेही वाटत होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बावड्याला गेलो. आण्णा उसाच्या सरीत उभे होते. मी सरळ सांगितले, की तुमचे आधण माझ्यामुळे करपले.

"ठावं हाय की," आण्णा म्हणाले.

"ठाऊक होतं?"

"सगळी गप बसल्याली. तुमी एकटंच टकटक करत हुतासा. कुनाला ठावं न्हाई? चरकावरच्या बैलाला बी ठावं हाय."

"मग तुम्ही चाचांना काढलंत का?"

"मी कुठं काढलं?" आण्णांनी विळा बांधावर टाकला. "त्या आधणामागनं आठ दिस ऱ्हायलेत की ते. मी म्हनलं, जाऊ दे चाचा, पावण्याच्या नादानं झालं. मग एक दिस आपनच म्हनले, आण्णा, आता मी काहिलीफुडं हुबा ऱ्हात न्हाय. का, ते सांगितलं न्हाई. घरला गेले." त्यांनी विळा पुन्हा उचलला. "तुमी याल सांगाया, म्हनून वाट बघितली मी. लई दिस लावलासा, मास्तर."

तिथून तसाच भाड्याचा टांगा करून कागलच्या बाजूला चाचाच्या गावी गेलो. अंगणात लिंबाखाली चाचा बाज विणत बसला होता. मला बघून उठला, घरात पाणी आणि गूळ सांगितला. त्या गुळाकडे मला बघवेना.

"चाचा, तुम्ही काम का सोडलंत?"

"वय झालं, मास्तर."

"आण्णा म्हणतात, आठ दिवस तुम्ही ठीक होता."

चाचाने सुंभाचा वेढा ओढला. "हितला एक मास्तर तुमच्या सभेला गेलता. त्यानं बावड्याला येऊन सांगितलं. बावड्याचा गुळव्या म्हनलं तुमी, काहील बी चुकली आन् मोजणं बी चुकलं." त्याचा आवाज अगदी शांत होता. "आता बघा. काहील करपली ती माझ्या चुकीनं. मी मोजाय लागलो, बुडबुडं काय म्हनत्यात ते मला ऐकूच येईना. तुमचा टोलाच तेवढा यायचा. हे मला समजतंय. पावण्याकडं ध्यान दिलं, काहिलीवरचं गेलं. फुडच्या टायमाला पावण्याला न्हाय म्हनायचं, झालं. पर ज्याकडं ध्यान दिलं त्ये बी चुकलं, म्हंजे मग काय ऱ्हायलं? गाव म्हनत हुतं कान गेलं, डोस्कं गेलं. मी ऐकत न्हवतो. तुमी शिकल्यालं मानूस. तुमी मोजून सांगितलं म्हनल्यावर खरं असनार."

करपलेले आधण त्याने पचवले होते. त्याला घरी बसवले ते माझ्या आकड्याने.

मी खिशातून चिंचोक्यांचे फडके काढले आणि सोडून बाजेवर ठेवले. "एकेचाळीस आहेत. दर टोल्याला एक, असे मी टाकत होतो. मोजले नव्हते. परवा मोजले. तुमचा आकडा बरोबर होता, चाचा. चुकलो मी."

चाचाने माझ्याकडे पाहिले नाही. चिंचोके पुढे ओढले आणि एकेक बाजूला सारत स्वतः मोजले. मग पाच-पाचाच्या राशी लावून पुन्हा मोजले. शेवटी एक उरला तो बोटांत धरून बसला.

"तुमाला वाटलं एकोणचाळीस?"

"हो."

"वरचं दोन म्हंजे वास सुटल्यावरचं." तो चिंचोका त्याने इतरांत टाकला. "मी उतरा म्हनून वरडलो तवर तुमी आनि दोन दिलं. मी म्हनलं, मास्तरचं संपलं न्हाई अजून. ती बी धरली."

मी मान खाली घातली. मला जे कळू नये असे वाटत होते ते हे. गूळ जळत असलेला मला कळला होता, आणि तरी माझा हात दोनदा चालला होता.

मग चाचा हसला. माझ्यावर हसला असावा, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

"म्हंजे कान हायेत की जाग्यावर," तो म्हणाला.

"आहेत."

"ह्ये तुमच्या सभेत सांगनार का?"

"सांगणार."

"सांगा. आन् आता गूळ खावा. ह्यो मी केल्याला न्हाय, म्हनून बरा न्हाय. पर खावा."

पुढच्या सभेत मी उभे राहून दुरुस्ती वाचली. आकडा चुकला तो प्रयोग करणाऱ्याचा, गुळव्याचा नव्हे, आणि आधण करपले त्याला जबाबदारही प्रयोग करणारा, असे स्वच्छ शब्दांत. टाळ्या पडल्या नाहीत. निम्मे मास्तर आपसांत बोलत होते, आणि ते वयस्क मास्तर डुलकी घेत होते. कागलचा तो मास्तर मात्र नीट ऐकत होता, म्हणून मी एकट्या त्याच्याकडे बघून वाचले.

चाचा हंगाम संपायच्या आत बावड्याला परत आला. आण्णांनी निरोप पाठवला, पहिल्या आधणाला या. मी गेलो तर छपराच्या दारातच त्यांनी अडवले.

"खिसं दावा मास्तर."

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. सगळे गडी हसले. चाचाही हसला. घड्याळ, किल्ली, वही सगळे घरी ठेवून आलो होतो. चाचाने मला काहिलीपासून चार हातांवर पोत्यावर बसवले आणि म्हणाला, "आज तुमी एकच काम करायचं. बुडबुड्याचा आवाज बदलला की ध्यानात ठेवायचं. मला सांगायचं न्हाय. नुसतं ध्यानात ठेवायचं."

काहील भराला आली. सगळे गप्प झाले. चाचा फावड्यावर हात ठेवून उभा होता. मान जराशी एका बाजूला, डोळे फेसावर. मी सगळे मन कानांत आणले. बुडबुडे फुटत होते, एक, पुन्हा एक, मग पुष्कळ. मी मनात म्हणालो, हा असा माणूस मी घरी बसवला होता. मग आठवले ते दोन टोले. मग वाटले, हे सगळे एकदा लिहून काढले पाहिजे, काही न लपवता, आणि सुरुवात कुठून करावी बरे, निबंधापासून की चित्त्यांपासून?

"उतरा," चाचा म्हणाला.

चौघांनी बांबू उचलले तेव्हा मी दचकलो. आवाज कधी बदलला ते मला कळलेच नव्हते. चाचाने माझ्याकडे एकदा पाहिले, काही विचारले नाही, आणि वाफ्यात ओतल्या जाणाऱ्या पिवळ्याधमक गुळाकडे वळला.